संघाचे गणित

फिगर स्केटिंग हा क्रीडा आणि नृत्य यांचा संगम असलेला खेळ आहे. धारदार पाती बसवलेले बूट घालून खेळाडू संगीताच्या तालावर बर्फावरून सरकतात, उड्या घेतात, गिरक्या घेतात. हा खेळ मुळात एकट्याचा किंवा जोडीचा. परंतु २०१४ साली रशियातील सोची येथे भरलेल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये देशांच्या संघांची स्पर्धा प्रथमच घेण्यात आली. तेव्हापासून तिच्या रचनेविषयी एक प्रश्न विचारला जातो : जे कधीच एकत्र खेळत नाहीत, त्यांचे सामूहिक बळ मोजावे कसे?

या स्पर्धेत दहा देश भाग घेतात. पुरुष एकेरी, महिला एकेरी, जोडी आणि हिमनृत्य असे तिचे चार प्रकार आहेत. पहिल्या फेरीत प्रत्येक प्रकारात प्रथम येणाऱ्यास १०, द्वितीय येणाऱ्यास ९ आणि अशा उतरत्या क्रमाने शेवटच्यास १ गुण मिळतो. पहिले पाच देश अंतिम फेरीत जातात. तेथे १० ते ६ असे गुण मिळतात. दोन्ही फेऱ्यांची बेरीज अधिक, तो देश विजयी.

म्हणजे येथे पंचांनी दिलेले प्रत्यक्ष गुण नव्हे, तर क्रमांक मोजला जातो. परीक्षेत पहिल्या आणि दुसऱ्या विद्यार्थ्यात अर्ध्या गुणाचे अंतर असो की वीस गुणांचे, क्रमांकाच्या यादीत ते सारखेच दिसते. तसेच येथेही घडते. मग प्रत्यक्ष गुणांचीच बेरीज का करू नये? ही सूचना वरवर न्याय्य वाटते. परंतु पुरुष एकेरीचे गुण सामान्यतः महिला एकेरीपेक्षा अधिक असतात. चारही प्रकारांचे माप सारखे नसल्याने ज्या प्रकारात गुणांचे अंतर मोठे, तोच निकाल ठरवू लागेल. एकच असामान्य खेळाडू इतरांच्या उणिवा झाकू शकेल. क्रमांकपद्धती चारही प्रकारांना समान वजन देते.

या समान वजनाचा परिणाम जपानच्या वाटचालीत दिसतो. एकेरीत अव्वल खेळाडू असूनही २०१४ आणि २०१८ मध्ये जपान पाचवा आला, कारण जोडी आणि हिमनृत्य या प्रकारांत तो मागे होता. पुढे रिकू मिउरा आणि र्‍युइची किहारा ही समर्थ जोडी लाभली. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानने पदक मिळवले.

दुसरा पर्याय जपानमध्ये २००९ पासून होणाऱ्या ‘वर्ल्ड टीम ट्रॉफी’ या स्पर्धेत आढळतो. तेथे सहा देश असतात आणि प्रत्येक देशाचे दोन पुरुष व दोन महिला एकेरीत उतरतात. त्यामुळे एका खेळाडूच्या अपयशाने सारे संपत नाही. मात्र एकेरीचे पारडे जड होते आणि जोडी घडवण्यासाठी वर्षानुवर्षे खपणाऱ्या देशाच्या श्रमाचे मोल घटते.

२०२६ च्या मिलान-कोर्तिना ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने ६९ गुणांसह सुवर्णपदक जिंकले. जपानला ६८ गुण मिळाले. एका क्रमांकाच्या फरकाने सुवर्णाचे रौप्य झाले. म्हणूनच नियम बदलण्यापूर्वी आयोजकांना एक गोष्ट ठरवावी लागते : सन्मान कोणाचा करायचा, काही मोजक्या श्रेष्ठ खेळाडूंचा, की चारही प्रकारांत खेळाडू घडवणाऱ्या देशाचा?