पाहून झाल्यावर मागे काय उरतं?

२००३च्या अखेरीस ‘फोटोशॉप सीएस’ बाजारात आलं आणि थोड्याच दिवसांत ग्राहकांना त्यात एक अजब गोष्ट आढळली. डॉलरची नोट स्कॅन करून ती फाइल उघडायला गेलं की फोटोशॉप चक्क नकार द्यायचं. झाडाचा, मांजराचा, लग्नाचा कुठलाही फोटो बिनबोभाट उघडणाऱ्या सॉफ्टवेअरला समोरचा कागद म्हणजे पैसा आहे, हे कळत होतं! बनावट नोटांना आळा घालण्यासाठी अनेक देशांच्या मध्यवर्ती बँकांनी मिळून नोट ओळखणारा कोड तयार करून घेतला होता. फोटोशॉप बनवणाऱ्या ॲडोबी कंपनीनं तो त्यात बसवला, पण ग्राहकांना त्याचा पत्ता नव्हता.

त्याआधी, २००२मध्ये, केंब्रिजमधले संगणकशास्त्रज्ञ मार्कस कून यांना युरोच्या नोटेवर पाच बारीक वर्तुळांची एक ठरावीक मांडणी पुन्हा पुन्हा विखुरलेली सापडली होती. मृग नक्षत्रासारख्या दिसणाऱ्या त्या ठिपक्यांवर नजर पडली की अनेक रंगीत झेरॉक्स-यंत्रं प्रत काढायला नकार देतात. फोटोशॉपची नोट ओळखण्याची रीत याहून वेगळी निघाली, पण दोन्हीकडे एक गोष्ट समान होती. ओळखण्याचं काम समोरच्या यंत्रातच उरकत होतं, त्यासाठी चित्र बाहेर कुठे पाठवावं लागत नव्हतं.

म्हणजे चित्रकाराच्या खांद्यावरून डोकावणारं सॉफ्टवेअर वीस वर्षांहून जुनं आहे. बदलली ती डोकावण्याची जागा. २०१३मध्ये ॲडोबीनं डबाबंद सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या काढणं थांबवलं आणि सगळा भर वर्गणीच्या ‘क्रिएटिव्ह क्लाउड’वर दिला. हळूहळू फाइली कंपनीच्या सर्व्हरवर राहू लागल्या, आणि काही करामती तर तिथेच घडू लागल्या. फोटोतला रिकामा कोपरा शब्दांत सांगून भरून घेणारं ‘जनरेटिव्ह फिल’ वापरताना चित्राचा तो भाग कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तिथे भरला जातो आणि परत येतो.

मग जून २०२४ उजाडला. फोटोशॉप उघडणाऱ्यांसमोर सुधारित अटी मान्य करण्याची खिडकी आली. त्यात म्हटलं होतं की कंपनी तुमचा मजकूर स्वयंचलित पद्धतीनं आणि माणसांकरवीही पाहू शकते. जगभरचे डिझायनर खवळले. गुप्ततेच्या करारावर सही करून, प्रदर्शित न झालेल्या सिनेमाचं पोस्टर करणाऱ्यानं या अटीला ‘हो’ कसं म्हणायचं? ‘मून’ या चित्रपटाचे दिग्दर्शक डंकन जोन्स यांनीही जाहीरपणे संताप व्यक्त केला. कंपनीनं आधी खुलासे दिले आणि १८ जूनला अटींची भाषाच बदलली.

या गदारोळात एक कुतूहलाचा मुद्दा हरवून गेला. ‘पाहणं’ हे एकच क्रियापद अटींमध्ये किमान चार वेगवेगळ्या कामांसाठी राबतं. ती कामं वेगळी करायची तर ‘कोण पाहतंय?’ एवढं विचारून भागत नाही. पाहून झाल्यावर मागे काय उरतं, हे विचारावं लागतं.

पहिलं पाहणं निव्वळ हमालीचं. फाइल साठवायची, तिचं छोटं चित्र बनवायचं, फोन आणि लॅपटॉपवर सारखी दाखवायची. गंमत अशी की कायद्याच्या नजरेत हेही प्रत काढणंच आहे. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातही इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणं हा मूळ कृतीच्या पुनर्निर्मितीचा भाग मानला जातो. म्हणून तुमची फाइल नुसती सांभाळायलाही कंपनी तुमच्याकडून परवाना लिहून घेते, आणि वकिली भाषेत तो वाचला की आपलं घरच लिहून दिल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात या पाहण्यातून उरते ती फक्त प्रत.

दुसरं पाहणं खरोखर थक्क करणारं आहे, कारण त्यात चित्र न बघताच ते ओळखलं जातं. २००९मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि डार्टमथ कॉलेजचे हॅनी फरीद यांनी ‘फोटोडीएनए’ विकसित केलं. ते फोटोतला रंग काढून टाकतं, त्याला ठरावीक आकारात आणतं, त्यावर चौकटींची जाळी टाकतं आणि प्रत्येक चौकटीत उजेड-अंधार कसा बदलतो, ते आकड्यांत मांडतं. आकड्यांची ही छोटी रांग म्हणजे त्या चित्राचा ठसा. फोटो लहान करा, रंग थोडे बदला, ठसा जवळजवळ तसाच राहतो. बालकांच्या लैंगिक शोषणाच्या ज्ञात चित्रांच्या ठशांशी तो ताडून पाहिला जातो. असं चित्र लक्षात आलं तर ते कळवणं अमेरिकी कायद्यानं कंपन्यांना बंधनकारक आहे. तुमच्या निसर्गचित्राचा ठसा मात्र कशाशीच जुळत नाही आणि गोष्ट तिथेच संपते. इथे मागे उरलीच तर एखादी जुळणी उरते.

तिसरं पाहणं माणसाचं. यंत्राला शंका आली की फाइल एखाद्या तपासनिसापुढे जाते आणि चुकीला वाव तयार होतो. २०२२मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’नं सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाची हकिकत छापली. मुलाच्या दुखण्याचा फोटो त्यानं डॉक्टरांसाठी काढला होता. गूगलच्या यंत्रणेनं तो संशयास्पद ठरवला, त्याचं खातं बंद झालं, आणि पोलिसांनी निर्दोष ठरवल्यावरही ते परत मिळालं नाही. इथे मागे उरतो तो माणसाचा निवाडा. तो चुकू शकतो, पण निदान त्याविरुद्ध दाद मागता येते.

चौथं पाहणं म्हणजे शिकणं, आणि ते या तिन्हींपेक्षा निराळं आहे. चित्र बनवणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवताना खऱ्या चित्रावर टीव्हीच्या पडद्यावरच्या मुंग्यांसारखा ठिपक्यांचा थर चढवतात, आणि तो पुसून मूळ चित्र कसं असेल, याचा अंदाज तिच्याकडून करवून घेतात. कोट्यवधी चित्रांवर हे घडतं. प्रत्येक वेळी मॉडेलमधले आकडे किंचित सरकतात. शेवटी मॉडेलमध्ये चित्रांची फाइल नसते, सरकलेले आकडे असतात. मुरलेल्या लोणच्यातून मीठ परत काढता येत नाही, तसा एका चित्राचा वाटा त्या आकड्यांतून वेगळा काढणं जवळपास अशक्य असतं.

शिवाय, ‘चित्र आत नसतं’ हेही पुरतं खरं नाही. २०२३मध्ये गूगल, डीपमाइंड आणि काही विद्यापीठांच्या संशोधकांनी ‘स्टेबल डिफ्युजन’ या चित्रं बनवणाऱ्या मॉडेलच्या प्रशिक्षणात सर्वाधिक वेळा आलेल्या साडेतीन लाख चित्रांवर प्रयोग केला. त्यांतली शंभरेक चित्रं मॉडेलनं जवळजवळ हुबेहूब पुन्हा काढून दाखवली. प्रमाण नगण्य, पण शिकणाऱ्या यंत्राला कधीकधी पाठही होतं, हे त्यातून सिद्ध झालं.

ॲडोबीचं चित्रं बनवणारं ‘फायरफ्लाय’ मॉडेल आपल्याच ‘स्टॉक’ संग्रहातली, मुक्त परवान्याची आणि कॉपीराइट संपलेली चित्रं वापरून घडवल्याचं कंपनी सांगत आली. ‘स्टॉक’साठी चित्रं देणाऱ्या काहींची तक्रार होती, की आम्ही चित्रं विकायला दिली, शिकवायला नव्हे. एप्रिल २०२४मध्ये ब्लूमबर्गनं आणखी एक गोष्ट उजेडात आणली. फायरफ्लायच्या प्रशिक्षणात वापरलेली सुमारे ५ टक्के चित्रं स्वतःच कृत्रिम बुद्धिमत्तेनं काढलेली होती आणि त्यांत मिडजर्नीसारख्या प्रतिस्पर्ध्यांचीही होती. एका मॉडेलमध्ये मुरलेलं दुसऱ्या मॉडेलमध्ये पोचलं होतं.

चित्रकारांच्या बाजूनंही विज्ञान उभं राहिलं आहे. शिकागो विद्यापीठातल्या बेन झाओ यांच्या गटानं २०२३मध्ये ‘ग्लेझ’ आणलं. ते चित्राच्या पिक्सेलांत इतके सूक्ष्म फरक करतं की माणसाला ते सहसा जाणवत नाहीत, पण शिकणाऱ्या यंत्राला कोळशाचं रेखाटन भलत्याच शैलीतलं वाटू शकतं. माणसाची नजर आणि यंत्राची नजर यांतल्या फटीत लपायला जागा सापडली. ती कायम टिकेल याची खात्री मात्र तिचे निर्मातेही देत नाहीत.

ॲडोबीच्या सुधारित अटींनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. ग्राहकाच्या संगणकावरच असलेल्या फाइली कंपनी तपासत नाही, आणि ‘स्टॉक’ला दिलेला मजकूर सोडून ग्राहकांच्या कामावर जनरेटिव्ह मॉडेल शिकवत नाही. हीच वाक्यं पहिल्या दिवशी लिहिली असती तर? त्याच महिन्यात डिझाइनचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या फिग्मा कंपनीनं वेगळा मार्ग धरला. त्यांच्या स्वस्त योजनांमध्ये प्रशिक्षणाची परवानगी आपोआप चालू ठेवली होती आणि मोठ्या कंपन्यांच्या महाग योजनांमध्ये बंद. कमी पैसे देणाऱ्या एकट्या-दुकट्या डिझायनरनं ती स्वतः शोधून बंद करायची होती.

प्रत पुसता येते, जुळणी खोडता येते, निवाड्याविरुद्ध झगडता येतं. शिकलेलं मात्र परत घेता येत नाही. म्हणून पहिल्या तीन कामांच्या परवानगीत चौथ्याची परवानगी गुंडाळून मागणं अन्यायाचं आहे. ती वेगळी मागायला हवी, आधी मागायला हवी, आणि ग्राहकानं स्वतः चालू करेपर्यंत ती बंदच असायला हवी.