संमतीपत्रावरची सही

दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्च २०२० रोजी होता. तो आधी पुढे ढकलला आणि एप्रिलमध्ये रद्द झाला. इतर विषयांच्या सरासरीवरून मुलांना भूगोलाचे गुण मिळाले. पहिली ते आठवीच्या परीक्षा त्याआधीच रद्द झाल्या होत्या. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या शाळा कोविडमुळे मार्चच्या मध्यावर बंद झाल्या, तेव्हा आदेशात मुदत ३१ मार्चपर्यंतची होती. पंधरा दिवसांची जादा सुट्टी मिळाली, अशाच समजुतीने मुलांनी दप्तरं बाजूला टाकली.

त्या वर्षी जूनमध्ये जे मूल पहिलीत गेलं, त्याला शहरातल्या शाळेचा वर्ग आतून पाहायला डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. तोवर ते दुसरीत होतं. शाळा बंद झाल्यापासूनच्या वीस महिन्यांत त्या उघडण्याचा निर्णय अनेकदा झाला, अनेकदा फिरला. प्रत्येक वेळी तो मंत्रालयातून जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून महापालिका आयुक्तांकडे, तिथून मुख्याध्यापकांकडे आला आणि शेवटी एका छापील कागदावर आईबापांच्या सहीसाठी येऊन थांबला. त्या सहीमागे काय काय होतं, हे आज नीट आठवून पाहिलं पाहिजे.

१५ जून २०२० ला नवं शैक्षणिक वर्ष कागदोपत्री सुरू झालं. तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांच्या खात्याने टप्पे आखले होते. जिथे महिनाभर रुग्ण नाही, तिथे नववी, दहावी आणि बारावी जुलैत, सहावी ते आठवी ऑगस्टमध्ये, तिसरी ते पाचवी सप्टेंबरमध्ये सुरू करायची. आपल्या पट्ट्यात मात्र २ जुलैपासून ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत पुन्हा कडक टाळेबंदी लागली आणि ती १९ जुलैपर्यंत लांबली. बाळकुमला हजार खाटांचं कोविड रुग्णालय उभं राहिलं होतं. डोंबिवलीच्या सावळाराम महाराज क्रीडासंकुलात, जिथे एरवी मुलं खेळायला जात, तिथेही रुग्णांसाठी खाटा लागल्या. अशा दिवसांत शाळेचं वेळापत्रक कुणी विचारत नव्हतं.

मग शाळा घरात आली. २२ जुलैच्या शासन निर्णयाने ऑनलाइन वर्गांच्या वेळा बांधून दिल्या. पहिली-दुसरीला अर्ध्या तासाची दोन सत्रं, तिसरी ते आठवीला पाऊण तासाची दोन आणि त्यापुढच्यांना पाऊण तासाची चार. सह्याद्री वाहिनीवर २० जुलैपासून पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' सुरू झालं. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता पण टीव्ही होता, तिथे या मालिकेने मोठा आधार दिला.

पण वेळा बांधून दिल्या तरी फोन कुठून आणायचा? डोंबिवली-कल्याणची असंख्य घरं मुंबईतल्या नोकरीवर चालतात. लोकल फक्त अत्यावश्यक सेवेसाठी होती, बाकीच्यांसाठी बस. डोंबिवलीच्या इंदिरा चौकात पहाटेपासून बसच्या रांगा लागत. त्या रांगेत उभ्या असलेल्या बापाच्या किंवा आईच्या खिशात घरातला एकुलता एक चांगला फोन असे. तो परत यायचा रात्री आठ-नऊला. तेव्हा कुठे दोन भावंडांना दिवसभराचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे धडे बघायला मिळत, तेही पाळी लावून. वन रूम किचनमध्ये एकाचा वर्ग चालू असताना दुसऱ्याने बोलायचं नाही, कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, आजीने टीव्ही लावायचा नाही. महिन्याच्या खर्चात डेटा पॅकची नवी ओळ आली, आणि ती बहुधा अशा घरांत आली जिथे पगार कापला गेला होता किंवा थांबला होता.

शिक्षकांचं वर्ष याहून सोपं नव्हतं. महापालिका आणि अनुदानित शाळांतल्या अनेकांना कोविडची कामं लागली. घरोघरी सर्वेक्षण, रेशन दुकानांवर देखरेख, तपासणी नाके, सप्टेंबरनंतर 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम. सकाळी ऑक्सिमीटर घेऊन इमारतींचे जिने चढायचे आणि दुपारी घरी येऊन गूगल मीटवर अपूर्णांक शिकवायचे. पंचवीस वर्षं खडू हातात धरलेल्या बाईंनी पन्नाशीनंतर स्क्रीन शेअर करायला शिकून घेतलं, बहुतेक वेळा स्वतःच्याच मुलांकडून. विनाअनुदानित शाळांतल्या कितीतरी शिक्षकांचे पगार अर्धे झाले. त्याच वेळी फीवरून पालक आणि संस्था समोरासमोर उभे राहिले. पुढे, मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या शाळांच्या प्रकरणात दिलेल्या निकालाच्या आधारे राज्याने १२ ऑगस्ट २०२१ ला १५ टक्के फीकपातीचा निर्णय काढला. नोकरी गेलेला पालक आणि पगार न मिळालेला शिक्षक या दोघांचंही म्हणणं खरं होतं. दोघांना एकमेकांच्या विरोधात उभं राहावं लागलं, ही त्या काळाची मोठी जखम आहे.

शाळा उघडण्याचा पहिला खरा प्रसंग आला दिवाळीनंतर. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग सुरू करायचं राज्याने ठरवलं. शिक्षकांना आरटीपीसीआर चाचणी सक्तीची झाली, त्यासाठी त्यांनी रांगा लावल्या. त्यांना लोकलने प्रवासाची परवानगीही त्याच महिन्यात मिळाली. आणि मग अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनावर सोपवला गेला. मुंबईपाठोपाठ ठाणे जिल्ह्यातही शाळा ३१ डिसेंबरपर्यंत बंद ठेवायचं ठरलं.

'स्थानिक प्रशासन' हे इथे किती गुंतागुंतीचं प्रकरण आहे, ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. एका ठाणे जिल्ह्यात ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, भिवंडी आणि उल्हासनगर अशा सहा महापालिका आहेत. अंबरनाथ, बदलापूरच्या नगरपालिका वेगळ्या. शहापूर-मुरबाडचा ग्रामीण भाग वेगळा. दिव्याचं मूल डोंबिवलीच्या शाळेत येतं, बदलापूरच्या बाई ठाण्यात शिकवतात, कल्याणचे सर दादरला जातात. रोगाला हद्द नव्हती, आदेशांना मात्र होती. त्यात कल्याण-डोंबिवलीच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत नेमकी नोव्हेंबर २०२० मध्येच संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. ज्या महिन्यात पालकांना आपल्या नगरसेवकाला गाठून विचारायचं होतं, त्याच महिन्यात सभागृह रिकामं झालं.

त्या हिवाळ्यात 'नको' म्हणणारे पालक चुकले, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे तीन पिढ्या एका छताखाली राहतात. मुलाला सर्दी होईल आणि सासऱ्यांना ऑक्सिजन लागेल, ही भीती खरी होती. साठीपुढच्यांना लस मिळू लागली ती मार्च २०२१ पासून. रिक्षात आणि शाळेच्या व्हॅनमध्ये मुलं कशी बसतात, हे प्रत्येक आईने पाहिलेलं होतं. खुपतो तो उघडण्याचा क्रम. २०२० मध्ये मॉल उघडले ५ ऑगस्टला, हॉटेलं आणि बार ५ ऑक्टोबरला, चित्रपटगृहं ५ नोव्हेंबरला, मंदिरं १६ नोव्हेंबरला. शाळेचा नंबर या सगळ्यांनंतर आला आणि आपल्याकडे तोही हुकला.

२७ जानेवारी २०२१ पासून राज्यात पाचवी ते आठवीचे वर्ग सुरू झाले. ठाणे जिल्ह्यातही त्याच सुमारास मोठ्या मुलांचे वर्ग भरू लागले. महिनाभरात दुसरी लाट आली. एप्रिलमध्ये खाटा आणि ऑक्सिजनसाठी लोक वणवण फिरत होते, तेव्हा शाळेचं नावही निघालं नाही. ३ एप्रिलला पहिली ते आठवीची मुलं परीक्षेविना वर चढवली गेली, पाठोपाठ नववी आणि अकरावीची, आणि २० एप्रिलला दहावीची परीक्षा रद्द झाली. अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावायचा तर शिक्षकांनी शाळेत जायला हवं होतं, आणि लोकल पुन्हा बंद. कल्याण-डोंबिवली-बदलापूरहून मुंबईला जाणाऱ्या शिक्षकांनी रस्त्याने तासन्‌तास प्रवास केला, परवानगीसाठी अर्जविनंत्या केल्या. १६ जुलैला ९९.९५ टक्के निकाल लागला. अकरावी प्रवेशासाठी ठरलेली सीईटी १० ऑगस्टला उच्च न्यायालयाने रद्द केली. जुलै-ऑगस्टमध्ये पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला, मागच्या इयत्तेत राहून गेलेलं भरून काढण्यासाठी. तोही शहरांत पडद्यावरच शिकवावा लागला.

त्याच १० ऑगस्टला आणखी एक निर्णय निघाला. १७ ऑगस्टपासून शहरांत आठवी ते बारावी, ग्रामीण भागात पाचवी ते सातवी. कोविड कृती दलाने आक्षेप घेतला आणि दोन दिवसांत निर्णय थांबला. तोवर पालकांनी तोकडे झालेले गणवेश बदलून आणले होते, शिक्षकांनी बाकांवर खुणा केल्या होत्या. अखेर ४ ऑक्टोबर २०२१ ला शहरांत आठवी ते बारावी आणि ग्रामीण भागात पाचवी ते बारावीचे वर्ग उघडले. त्यासाठी अट होती पालकांच्या लेखी संमतीपत्राची.

त्या संमतीपत्रांचा मजकूर साधारण सारखा असे. पाल्याला स्वेच्छेने पाठवत आहे, घरात कुणी आजारी नाही, नियम पाळले जातील. पालकाने काय कबूल करायचं, ते त्यात नीट लिहिलेलं होतं. पण सही करणाऱ्या आईला जे हवं होतं ते फारसं कुठे नव्हतं. आपल्या प्रभागात आज किती रुग्ण आहेत? वर्गाच्या खिडक्या उघडतात का? किती शिक्षकांचे दोन डोस झाले? वर्गात एक मूल बाधित निघालं तर बाकीच्यांचं काय? मला वाटतं, त्या कागदाने निवड दिल्याचा भास केला आणि जोखीम मात्र पूर्ण पालकाच्या नावावर लिहिली. घरात दोनच मोठी माणसं, दोघंही कामाला, अशा घरापुढे तर निवड नव्हतीच. मूल घरी एकटं ठेवायचं की शाळेत पाठवायचं, एवढाच प्रश्न होता. आणि शिक्षकाकडून तर कुणी संमतीही मागितली नाही.

१ डिसेंबरपासून धाकट्यांना, शहरांत पहिली ते सातवीला, राज्याने परवानगी दिली. मुंबईने तेव्हाच १५ डिसेंबरपर्यंत थांबायचं ठरवलं. ४ डिसेंबरला राज्यातला पहिला ओमायक्रॉन रुग्ण सापडला, तो डोंबिवलीचा. दक्षिण आफ्रिकेहून परतलेला. देशभरच्या बातम्यांत आपल्या गावाचं नाव झळकलं आणि सोसायट्यांमधून, पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमधून जुनी भीती परत आली. जानेवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यात मुंबई-ठाण्यात धाकट्यांचे वर्ग पुन्हा बंद झाले आणि राज्याने १५ फेब्रुवारीपर्यंत शाळा बंदचा आदेश काढला.

या वेळी मात्र काही तरी बदललं होतं. शिक्षकांचं लसीकरण झालं होतं, ३ जानेवारीपासून पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना लस मिळू लागली होती. मुख्य म्हणजे पालकांनी घरात दोन वर्षांचं नुकसान पाहिलं होतं. पालक, संस्थाचालक आणि बालरोगतज्ज्ञ 'शाळा उघडा' म्हणून बोलू लागले. २४ जानेवारीपासून वर्ग पुन्हा सुरू करायची मुभा मिळाली. दोन वर्षांत पहिल्यांदाच खालून आलेला आवाज वर ऐकू गेला.

उघडलेल्या वर्गात शिक्षकांना काय दिसलं? तिसरीतली मुलं जोडाक्षराशी अडखळत होती. चाळीस मिनिटं एका जागी बसणं त्यांना जमत नव्हतं. डबा वाटून खायचं, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, हे शिकायचं राहून गेलं होतं. मोठ्यांचं वेगळं. मार्च २०२२ मध्ये दहावीला बसलेल्या मुलांची आठवी आणि नववी, सलग दोन्ही वर्षांची वार्षिक परीक्षा झाली नव्हती. ती थेट बोर्डाच्या पेपराला बसली. स्वतःच्याच शाळेत केंद्र, कमी केलेला अभ्यासक्रम आणि अर्धा तास जादा, ही सवलत त्यांची गरज होती. देशाच्या ग्रामीण भागातल्या मुलांचं वाचन तपासणाऱ्या 'असर' अहवालात, दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीतल्या मुलांचं प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होतं, २०२२ मध्ये ते २०.५ वर आलं. आपली शहरं त्या पाहणीत नाहीत, पण आपल्या वर्गांतला अनुभव याहून फार निराळा नव्हता.

आपण प्रत्येक टप्प्यावर मोठ्यांना आधी आत घेतलं आणि धाकट्यांना शेवटी. मोठी मुलं मास्क सांभाळतील, त्यांची बोर्डाची परीक्षा आहे, असं त्यामागचं कारण होतं. डेन्मार्कने एप्रिल २०२० मध्ये शाळा उघडल्या तेव्हा सुरुवात लहानांपासून केली. लहानांना पडद्यावर शिकता येत नाही, आणि ते घरी राहिले तर एका पालकाला कामावर जाता येत नाही, हा त्यातला साधा हिशेब. त्यांची परिस्थिती आणि आपली दाटी वेगळी, हे मान्य. पण हिशेब आपल्यालाही लागू होता. अकरावीचा मुलगा फोनवरून काही तरी शिकला. पहिलीच्या मुलीला अक्षर गिरवायला बाईंचा हात हवा होता.

पुढची साथ येईल तेव्हा यातून दोन गोष्टी घ्याव्यात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी, महापालिका आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ आहेत. प्रभागातली आकडेवारी, वर्गाची हवा, शिक्षकांची तब्येत, व्हॅनची सोय हे सगळं समोर ठेवून त्यांनी शाळानिहाय निर्णय घ्यावा आणि महापालिकेने त्या निर्णयामागे डॉक्टर व पैसा उभा करावा. मग जोखीम एका आईच्या सहीवर राहणार नाही, ती सगळ्यांमध्ये वाटली जाईल. आणि दुसरी गोष्ट क्रमाची. बाजार, बार आणि बोर्डाची परीक्षा यांच्याही आधी पहिलीचा वर्ग उघडला पाहिजे.