कारखाना एक, कागद वेगळे
अमेरिकेच्या आयोवा राज्यातलं पोस्टव्हिल हे जेमतेम दोन हजार वस्तीचं गाव. १२ मे २००८ रोजी तिथल्या कोशर (ज्यू धर्मनियमांनुसारच्या) मांस कारखान्यावर छापा पडला आणि ३८९ कामगार पकडले गेले, बहुतेक ग्वाटेमालाचे. खोट्या कागदपत्रांबद्दल अनेकांना पाच महिने कैद, मग मायदेशी रवानगी. लहान मुलं असलेल्या काही आयांना घरी सोडलं, पण घोट्याला इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधून!

रिकाम्या जागांवर पुढे सोमाली आले. काम तेच, फरक कागदांचा. निर्वासित म्हणून आल्याने त्यांना कामाची मुभा लगेच, वर्षभराने ग्रीन कार्डाचा अर्ज, पाच वर्षांनी नागरिकत्वाचा. यादवी दोन्ही देशांनी भोगली. पण १९८०च्या दशकात ग्वाटेमालातून पळालेल्यांचे आश्रयाचे अर्ज अमेरिकेने जवळपास सरसकट फेटाळले. (तिथल्या लष्कराला टेकू वॉशिंग्टनचाच होता.)

म्हणून सोमाली सुखात आहेत असंही नाही. शेजारच्या मिनेसोटात त्यांच्यातलं दारिद्र्य राज्याच्या सरासरीहून कितीतरी जास्त. मात्र मताचं बळ आहे: २०१८ मध्ये मिनिॲपोलिसमधून सोमाली वंशाच्या इल्हान ओमर अमेरिकी काँग्रेसवर निवडून आल्या.

घरी पैसे सोमाली आणि ग्वाटेमालाचे लोक दोघेही पाठवतात. सोमालींची भिस्त हवालावर. ग्वाटेमालाच्या अर्थव्यवस्थेत या पैशाचं प्रमाण जवळपास एक पंचमांश.