रायफल ट्यूनर

रायफलीच्या नळीच्या मुखाशी घट्ट बसविण्यात येणारे व आट्यांवर मागेपुढे सरकविता येणारे वजन. गोळी सुटताना नळीला होणारी कंपने व गोळी बाहेर पडण्याचा क्षण यांचा मेळ घालणे, हे त्याचे कार्य होय. ५० मी. नेमबाजीतील ५·६ मिमी. (०·२२ इंच) व्यासाच्या रिमफायर रायफलींवर तो मुख्यत्वे आढळतो. मराठीत यास रूढ प्रतिशब्द नाही.

सातारा-सांगली भागात या जातीच्या रायफलीची पहिली ओळख बहुधा राष्ट्रीय छात्रसेनेच्या सरावात होते. साताऱ्यास १९६१ पासून सैनिकी शाळाही आहे. छात्रसेनेच्या साध्या रायफलीवर ट्यूनरचे प्रयोजन नसते, कारण तेथे चुकीचा मोठा वाटा नेमबाजाचाच असतो. स्पर्धेच्या वरच्या पातळीवर मात्र स्थिती वेगळी असते. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्यूनिक येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ५० मी. प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुणांसह सुवर्णपदक मिळविले, तर स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. तीन स्थिती प्रकारात ४५१·४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. या लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०·४ मिमी. असतो. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात व केंद्रापासून ०·८ मिमी. सरकले की एक दशांश गुण कमी होतो. ट्यूनरचा विचार या मापातच करावा लागतो.

मध्यभागी स्फोटप्रेरक असलेले काडतूस नेमबाज स्वतः भरू शकतो व दारूचे प्रमाण बदलून ते आपल्या नळीस अनुरूप करून घेतो. रिमफायर काडतुसात स्फोटप्रेरक तळाच्या कडेत भरलेला असतो. ते कारखान्यातून येते तसेच वापरावे लागते. काडतूस नळीस जुळविता येत नाही, म्हणून नळी काडतुसास जुळवावयाची, या निकडीतून ट्यूनर रिमफायर रायफलींवर रुजला. [⟶ बंदूक].

कार्यतत्त्व : स्पर्धेच्या काडतुसातील गोळीचे वजन सु. २·६ ग्रॅ. असते आणि ती सेकंदाला सु. ३२५ मी. वेगाने, म्हणजे ध्वनीपेक्षा किंचित मंद, बाहेर पडते. ५० मी. अंतरात ती गुरुत्वाकर्षणाने सु. १२ सेंमी. खाली येते. चांगल्या प्रतीच्या एकाच लॉटमधील दोन गोळ्यांच्या वेगांत सेकंदाला ६ मी. इतका फरक आढळू शकतो व तेवढ्याने मंद गोळी सु. ४·६ मिमी. खाली लागते. नेमबाजाची काहीही चूक नसता अर्ध्या गुणाहून अधिक हानी होते.

नळी ही एका टोकाशी पकडलेल्या दांड्यासारखी असल्याने स्फोटाच्या व खटक्याच्या आघाताने ती कंप पावते. मंद गोळी नळीत किंचित अधिक काळ राहते. त्या क्षणी नळीचे मुख वर जात असेल, तर उशिरा निघणारी मंद गोळी अधिक वरच्या दिशेने सुटते व पुढे तिचे खाली येणे भरून निघते. यास धन प्रतिपूरण म्हणता येईल. मुख खाली जात असल्यास उलट परिणाम होऊन फरक वाढतो. नळीच्या कंपनांवर ए. मॅलक यांचे संशोधन रॉयल सोसायटीने १९०१ मध्येच प्रसिद्ध केले होते. इशापूरच्या कारखान्यातही बनणारी ली-एनफील्ड रायफल जवळच्यापेक्षा दूरच्या पल्ल्यावर तुलनेने सरस ठरे, ती याच गुणामुळे.

गोळी नळीत जेमतेम ३ सहस्रांश सेकंद असते. ६६ सेंमी. लांब व २२ मिमी. व्यासाच्या पोलादी नळीची मूलभूत कंप्रता गणिताने सेकंदाला सु. ३७ येते व टोकाशी २०० ग्रॅ. वजन लावल्यास ती सु. ३० वर उतरते. म्हणजे गोळी जाईपर्यंत मूलभूत कंपनाचा एक दशांश भागही पुरा होत नाही. नळी अनेकदा डोलते व ट्यूनर तिला ‘थांबवितो’, ही प्रचलित समजूत ढोबळ होय. वरच्या कंप्रतांची कंपने याहून जलद असल्याने त्यांचाही वाटा असतो आणि ट्यूनर थोडा सरकविल्यास परिणाम का बदलतो, हे त्यावरून कळते.

बसविणे : ट्यूनर नळीच्या टोकावर आटे पाडून किंवा पकडपट्ट्याने बसवितात. पट्टा अतिरिक्त आवळल्यास नळीचे छिद्र सूक्ष्म प्रमाणात आक्रसते व अचूकता सुधारण्याऐवजी बिघडते. ट्यूनरचे छिद्र नळीशी समकेंद्री व गोळीपेक्षा पुरेसे मोठे हवे. त्याच्या वजनाने नळी किंचित वाकते व लक्ष्यवेधाचा बिंदू सरकतो. म्हणून दर्शक पुन्हा जुळवावे लागतात. आटे पाडणे हे परवानाधारक कारागिराचेच काम होय; शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये अग्निशस्त्राची दुरुस्ती व फेरबदल परवान्याविना करता येत नाहीत. वायू वळवून धक्का कमी करणारी मुखसाधने आंतरराष्ट्रीय रायफल स्पर्धांत निषिद्ध आहेत. ट्यूनर त्या जातीचा नसला, तरी त्यासह रायफलीचे एकूण वजन नियमात बसले पाहिजे.

जुळविणे : येथेच सर्वाधिक फसगत होते. नेमबाज ट्यूनर थोडाथोडा फिरवीत प्रत्येक खुणेवर पाच गोळ्या झाडतो व ज्या खुणेवर गट सर्वांत लहान आला तीच योग्य मानतो. परंतु ट्यूनरला हातही न लावता पाच-पाच गोळ्यांचे वीस गट झाडल्यास सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या गटांच्या आकारांत दुपटीची तफावत सहज पडते. अशा रीतीने निवडलेली खूण ही पुष्कळदा योगायोगाची निवड असते व दुसऱ्या दिवशी तोच गट पुन्हा येत नाही. आयात काडतुसांचा खर्च पाहता ही चूक महागात पडते.

याहून खात्रीची रीत म्हणजे रायफल टेकूवर स्थिर ठेवून, एकाच लॉटची काडतुसे वापरून, शांत हवेत प्रत्येक गोळीचा वेग व लक्ष्यावरील तिची उंची नोंदविणे. मंद गोळ्या सातत्याने खाली लागत असल्यास प्रतिपूरण अपुरे, वर लागत असल्यास ते अतिरिक्त आणि वेग व उंची यांत संबंध उरला नाही, तर ट्यूनर जुळला असे समजावे. आडवा विस्तार बव्हंशी वाऱ्याचा असल्याने तो हिशेबात धरू नये. आशादायक खुणा क्रम बदलून पुनःपुन्हा तपासाव्या लागतात.

जुळवणी एका अंतरापुरतीच खरी असते. १०० मी. वर गोळी सु. चौपट खाली येते व तिच्या भरपाईस लागणारा कोन दुप्पट होतो. त्यामुळे ५० मी. ची खूण तेथे उपयोगी पडत नाही. लॉट बदलल्यास पुन्हा तपासणी आवश्यक ठरते. तापमानाबरोबर गोळीचा वेग बदलतो. साताऱ्याच्या थंड, पावसाळी हवेत निश्चित केलेली खूण सांगलीच्या एप्रिलमधील दुपारी पडताळल्याखेरीज गृहीत धरता येत नाही.