प्रयोगशाळेतल्या उंदराला तहानलेले का ठेवतात?

मेंदूच्या अनेक प्रयोगांत उंदराने योग्य प्रतिसाद दिला, की पाण्याचा थेंब बक्षीस मिळतो. मनसोक्त पाणी प्यायलेला उंदीर त्यासाठी धडपडत नाही. म्हणून त्याचे पाणी मोजून देतात.

मर्यादा कशी ठरते?
रोज वजन करून. तहानलेला उंदीर खाणेही कमी करतो, त्यामुळे वजन लवकर उतरते. अनेक प्रयोगशाळांत ते मूळ वजनाच्या ८० ते ८५ टक्क्यांखाली जाऊ लागले, की जादा पाणी देतात.

पर्याय आहे?
सायट्रिक आम्ल मिसळलेले आंबट पाणी पिंजऱ्यात कायम ठेवतात. उंदीर ते गरजेपुरतेच पितो आणि साध्या पाण्याच्या थेंबासाठी काम करतो.

भारतात अशा प्रयोगांना प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते. कारण तहान अति झाली, तर उंदराचे हाल होतातच. प्रयोगाचे निष्कर्षही भरवशाचे राहत नाहीत.