उद्या ट्रॉली निघायची

पहाटे साडेपाच. दर्शनाची गर्दी ओसरलेली, सकाळची आरती अजून लांब. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी लालबागच्या या गल्लीत कामाला एवढीच वेळ मिळते. मिस्त्री मखमली झालर वर करून मूर्तीच्या पाटाखाली सरपटत शिरतात. परळच्या कारखान्यातून मूर्ती ज्या ट्रॉलीवर बसून आली, तीवरच ती अजून आहे. झालर असते ती भाविकांना चाकं दिसू नयेत म्हणून. इतके दिवस एकाच जागी ओझं पेलून टायर खाली चपटे झालेत, हवाही उतरलीय.

सहा. जॅक लावून एका वेळी एकच चाक, तेही जेमतेम बोटभर उचलायचं. सांगाड्याखाली लाकडी टेकू आधी, जॅकचा दांडा नंतर. चाक सुटलं की वरून-खालून धरून हलवायचं, मग फिरवून कान द्यायचा. मागचं डावं खरखरतंय. बेअरिंग काढून रॉकेलमध्ये धुतलं जातं, बोटांनी दाबून दाबून नवं ग्रीस भरलं जातं. नट आवळताना समोरासमोरच्या जोड्या घ्यायच्या. ओळीने आवळत गेलं तर चाक तिरकं बसतं. या कामाला दोन तास जातात आणि मंडळाचा एकही पदाधिकारी इकडे फिरकत नाही. रोषणाईवाल्याशी मात्र तिघेजण बोलतायत.

नऊ. मागून येणारी जनरेटरची गाडी. टेम्पोच्या हुकात दांडा अडकवला, पिन घातली, पिनेला कॉटर. खाली दोन साखळ्या एकमेकींना छेद देतील अशा बांधल्या. पिन निसटलीच तर दांडा रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत अडकावा.

साडेदहा. रस्ता बघायला पायी. जमिनीपासून मुकुटापर्यंत अठरा फूट, म्हणून एक पोरगा एकोणीस फुटी बांबू उभा धरून पुढे. बांबू जिथे अडेल तिथली केबल, पताका किंवा फांदी वहीत टिपायची. भायखळा, क्लेअर रोड, नागपाडा, सी. पी. टँक, व्ही. पी. रोड, ऑपेरा हाऊस. लोक वर बघतात, मिस्त्री खाली. सहा फूट रुंद ट्रॉलीचं एका बाजूचं चाक खड्ड्यात इंचभर उतरलं, तर अठरा फुटांवरचा मुकुट तीन इंच झुकतो आणि त्याच झटक्यात परत येतो. मूर्तीला तडा जातो तो या परतीच्या झटक्याने, असं मिस्त्रींचं मत आहे.

पुलांचा हिशेब वेगळा. रेल्वेवरचे जुने पूल महापालिका दरवर्षी नावं घेऊन सांगते: करी रोड आणि चिंचपोकळीच्या पुलांवर एका वेळी १६ टनांहून जास्त भार नको, शंभराहून जास्त माणसं नकोत, पुलावर थांबायचं नाही, नाचायचं नाही. नाचायचं नाही हे बेंजोवाल्यांना कोण सांगणार, यावर दरवर्षी एक बैठक होते.

दोन. जेवण, चाळीच्या जिन्यात. अध्यक्ष येऊन विचारतात, “मिस्त्री, सिंहासनाला मागून अजून एक प्रभावळ जोडली तर?”

“वजन वर जाईल, साहेब.”

“थर्माकोलचीच आहे.”

“मग वारा धरेल.”

प्रभावळ रद्द.

चार. गिरगाव चौपाटी. रेतीत चाकं रुतू नयेत म्हणून महापालिकेने लोखंडी प्लेटा अंथरल्यात. प्लेटेवर असताना पुढची चाकं वळवायची नाहीत, वळण आधीच घेऊन सरळ चढायचं. मिस्त्री भरती-ओहोटीच्या वेळा परत विचारतात. ७ सप्टेंबर २०२५ चा दिवस इथे कुणी विसरलेलं नाही. लालबागचा राजा सकाळी चौपाटीवर पोचला होता, पण भरतीने मूर्ती तराफ्यावर चढेना. विसर्जन व्हायला रात्रीचे नऊ वाजले. एवढा लवाजमा असलेल्या मंडळाला समुद्राने थांबवून ठेवलं, तिथे आमच्यासारख्या गल्लीतल्या मंडळाने घड्याळ बघूनच निघावं.

आठ. मिस्त्री ज्याला दिवसभराचं खरं काम म्हणतात ते आता. या ट्रॉलीला ब्रेक नाही. पुढे दोरखंड ओढायला माणसं मिळतात, मागून रेटायलाही मिळतात, ‘मोरया’ म्हटलं की दुप्पट मिळतात. उतारावर तिला थांबवतात ते चार चाकांपाशी चालणारे आठ जण, हातात बाभळीचे तिरके ठोकळे घेऊन. जळगावच्या रामरथाला असंच चाकाखाली मोगरी लावून थांबवतात, वळवतात. तिथे मोगरी लावणाऱ्यांना मान आहे. इथे जो दोरीजवळ पोचू शकला नाही त्याच्या हातात ठोकळा येतो. मला हे उलटं वाटतं. मंडळांनी निवड करायचीच तर ठोकळेवाल्यांपासून करावी.

गल्लीच्या तोंडाशी रिकाम्या हातगाडीवर सराव होतो. एक शिट्टी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ठोकळा बाजूने सरकवायचा, चाकासमोर उभं राहून कधीच नाही. दोरी लावलेला असावा, म्हणजे काढताना बोटं आत जात नाहीत. पोरं पहिल्यांदा हसतात, चौथ्यांदा नीट करतात. एकाला शिट्टी ऐकू येत नाही, कारण पलीकडे ढोलवाले चामडं ताणून बघतायत. उद्या यापेक्षा कितीतरी जास्त आवाज असणार. मग मिस्त्री शिट्टीबरोबर लाल रुमालाची खूणही ठरवतात आणि सराव पुन्हा पहिल्यापासून.

अकरा. टायरची हवा परत मोजली. सकाळी भरली तेवढीच. जादा चाक, जॅक, टेकू, ग्रीसचा डबा टेम्पोत चढले.

“उद्या आठ वाजता सगळे हजर. आणि ठोकळेवाल्यांनी बूट घालायचे.”

पोरं एकमेकांकडे बघतात. त्यातला एक धीर करून म्हणतो, “मिस्त्रीकाका, बाप्पाला पोचवायला आम्ही दरवर्षी अनवाणीच जातो.”

“ठोकळा टाकून दोरीला जा, मग खुशाल अनवाणी चाल. चाकाजवळ बूट.”

“पण बाप्पासमोर...”

“त्याच्याशी माझं सकाळीच बोलणं झालंय, पाटाखाली. तुझ्या पायाचा नंबर काय?”