दाखलखारीज पुस्तकातील जातीचा रकाना

सनदा, महजर, करीने आणि पोथ्या ह्यांचा आपण संग्राहक मंडळी जेवढा आदर करतो, तेवढा शाळांच्या दाखलखारीज पुस्तकांचा करीत नाही. ती अलीकडची, कारकुनी आणि नीरस म्हणून रद्दीवाल्याकडे जातात; क्वचित एखादे पुस्तक अक्षराच्या मोहाने कोणाच्या कपाटात येऊन पडते. ह्या उपेक्षित दप्तराविषयी प्रस्तुत लेखात थोडे सांगावयाचे आहे.

सातारा येथील सरकारी इंग्रजी शाळेत, म्हणजे आजच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कुलात, 7 नोव्हेंबर 1900 रोजी इंग्रजी पहिलीच्या वर्गात एक मुलगा दाखल झाला. नाव भिवा, पित्याचे नाव रामजी, नोंद क्रमांक 1914. हेच पुढे डॉ. भीमराव आंबेडकर. शाळेने ते पुस्तक जपून ठेवले आहे, आणि 2017 पासून महाराष्ट्र शासन त्या तारखेस विद्यार्थी दिन पाळते. दोन्ही गोष्टी उचितच आहेत. परंतु ही नोंद एकटीच वाचली तर त्या काळी सर्व काही सुरळीत होते असे वाटावे. अर्ज आला, प्रवेश मिळाला, क्रमांक पडला!

कागदावर दार उघडे होते हे खरे, आणि तेही सुखासुखी उघडले नव्हते. 1856 मध्ये धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला, तेव्हा एकासाठी बहुतांचा लाभ बुडेल अशा सबबीवर मुंबई सरकारने तो नाकारला. प्रकरण विलायतेपर्यंत गेले, आणि सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या आहेत असे कंपनीच्या संचालकांनी 1858 मध्ये कळविले. म्हणजे साताऱ्याच्या नोंदीमागे बेचाळीस वर्षांचा नियम उभा होता. नियम उंबरठ्यापर्यंत चालला. वर्गात त्याचे काही चालले नाही.

वर्गात काय घडे हे दुसऱ्या एका हस्तलिखितावरून कळते. आंबेडकरांनी स्वहस्ते इंग्रजीत लिहिलेल्या काही आठवणी 1990 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केल्या. त्यांत ते सांगतात की, इतर मुलांपासून दूर एका कोपऱ्यात बसावे लागे. बसावयाचे गोणपाट घरून आणावे आणि सायंकाळी परत न्यावे, कारण शाळेची झाडलोट करणारा नोकर त्यास शिवत नसे. तहान लागली तर नळ शिपायाने सोडावा. शिपाई नसला तर पाणी नाही. गोणपाटाचा रकाना कोणत्याही पुस्तकात नव्हता. म्हणून नोंदवही आणि आठवण ही दोन साधने शेजारी ठेवूनच वाचावी लागतात. पोथीचे पाठभेद आपण असेच लावतो.

ह्या दुखण्यावर साताऱ्यातच एक उपाय सुरू झाला. त्याचे कर्ते भाऊराव पाटील. त्यांचे ऐतवडे बुद्रुक हे गाव वाळवे तालुक्यातले. 1919 मध्ये, ज्या वर्षी सांगलीजवळ डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे विलिंग्डन महाविद्यालय निघाले त्याच वर्षी, कराडनजीक काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. 1924 मध्ये साताऱ्यात निघालेल्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीस बसत. 1927 मध्ये गांधीजींनी त्यास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग असे नाव दिले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंचे अंगावरचे दागिने गेले. 1947 मध्ये ह्याच संस्थेचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय कमवा आणि शिका ह्या तत्त्वावर उभे राहिले. पाण्याचा आणि बैठकीचा भेद परिपत्रकाने गेला नव्हता. तो येथे स्वयंपाकघरातून घालविला गेला, ही गोष्ट आम्हास फार महत्त्वाची वाटते.

आता मूळ मुद्दा. ज्या रकान्यामुळे मूल कोपऱ्यात बसविले गेले, तोच रकाना आज त्याच्या पणतवाच्या कामी येतो. अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश 10 ऑगस्ट 1950 चा असल्याने, त्यापूर्वीची शालेय नोंद जातपडताळणीत मोठा पुरावा ठरते. 1956 नंतर ज्या कुटुंबांनी बौद्ध धर्म स्वीकारला त्यांस तर पूर्वीच्या जातीचा दाखला जुन्या पुस्तकातूनच काढावा लागतो. 2023 मध्ये कुणबी नोंदींच्या शोधाकरिता शिंदे समितीने जुनी दप्तरे चाळविली, तेव्हा मोडी वाचणारांची किंमत पुष्कळांस कळली.

येथे एक अडचण ध्यानात ठेवावी. वाळवे, शिराळे, तासगाव, खानापूर हे तालुके 1949 पर्यंत सातारा जिल्ह्यात होते; त्या वर्षी सांगली, मिरज, जत संस्थानांचे मुलूख मिळवून दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि 1960 मध्ये त्याचे नाव सांगली पडले. साहजिकच आज सांगली जिल्ह्यातील म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावाची जुनी नोंद शोधताना सातारा आणि संस्थानी दप्तर दोन्ही विसरू नयेत.

कपाटात असे पुस्तक ठेवणाऱ्या संग्राहकाने ते कोणाचा तरी हक्क अडवून ठेवीत नाही ना, हे पाहावे. पोथी घरी राहिली तर फार तर एक पाठभेद कमी पडेल; नोंदवही घरी राहिली तर एखाद्या मुलीचे महाविद्यालयातले नाव अडते. आमची सूचना एवढीच की, अशा पुस्तकांची पृष्ठवार छायाचित्रे घ्यावीत, मोडी नोंदींचे बालबोध लिप्यंतर जोडावे, रकान्यांतील शब्द जसेच्या तसे ठेवावेत, आणि मूळ प्रत पावती घेऊन त्या त्या शाळेस परत करावी.